133 तासांचा हंगाम

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं गाव आहे. तिथून 11 मैल आत, उत्तर समुद्रात, लालसर वाळूच्या दगडाचं एक खडप आहे. ओहोटीला त्याचा 427 फूट लांब आणि 230 फूट रुंद माथा वर येतो, भरतीला त्यावर 12 ते 16 फूट पाणी चढतं. म्हणजे दिवसातून दोनदा, काही तासांपुरतंच ते बेट. या बेल रॉकवर 1807 ते 1810 या काळात दगडी दीपगृह बांधलं गेलं, आणि ते आजही उभं आहे. त्याची उंची 115 फूट. आज हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही. मला थक्क करतात ते तास.

गरज होती, यात शंका नाही. जानेवारी 1804 मध्ये ब्रिटिश आरमाराचं 64 तोफांचं ‘यॉर्क’ हे जहाज 491 माणसांसह नाहीसं झालं, बहुधा याच खडकावर आपटून. 1806 साली ब्रिटिश संसदेने दीपगृहाच्या कायद्याला मंजुरी दिली. कागदोपत्री मुख्य अभियंता होते जॉन रेनी, पण खडकावर पाय रोवून काम करून घेतलं ते रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी. तेव्हा ते 35 वर्षांचे होते. (पुढे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे नातू.)

ऑगस्ट 1807 मध्ये काम सुरू झालं. कोकणच्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती जशी जास्त चढते, तशी ओहोटीही जास्त खाली जाते. सुरुवातीचं काम या उधाणाच्या ओहोटीवरच चालायचं, आणि एका ओहोटीत फार तर दोन-तीन तास मिळायचे. माणसं जवळच नांगरलेल्या दीपजहाजावर राहत, खडक दिसू लागला की वल्ही मारत येत आणि पाणी चढू लागलं की परत जात. टिकावांना धार लावायला खडकावरच लोहाराची भट्टी होती. लोहाराच्या तोंडाला विस्तवाची धग आणि पाय गुडघाभर थंड पाण्यात, असं ते काम. भट्टी विझली की त्या दिवसापुरतं सगळंच थांबायचं.

हंगाम संपल्यावर स्टीव्हन्सननी हिशेब मांडला. खडकावर मिळालेले एकूण तास 180. त्यांतले प्रत्यक्ष कामाचे 133. दहा तासांचा एक दिवस धरला तर जेमतेम सव्वातेरा दिवस! एवढ्या वेळात त्यांनी पाया खोदायला घेतला आणि पुढे कामगारांचं घर झालेल्या लाकडी मचाणाचे खांब खडकात रोवले.

त्याच हंगामातली 2 सप्टेंबरची सकाळ आकड्यांतच सांगावी लागते. खडकावर 32 माणसं होती. त्यांना घेऊन आलेल्या ‘स्मीटन’ या गलबताचा नांगर सुटला आणि वाऱ्याने ते दूर वाहून गेलं. उरल्या दोन होड्या. चांगल्या हवेतसुद्धा त्यांत मिळून 24 जणच मावत, आणि त्या दिवशीच्या लाटांत एका होडीत आठाहून जास्त माणसं घेणं धोक्याचं होतं. म्हणजे 32 पैकी 16 जणांची काहीच सोय नव्हती. बोलावं म्हटलं तर स्टीव्हन्सनच्या तोंडाला कोरड पडलेली. ते खडकातल्या डबक्यातलं खारं पाणी प्यायले, आणि उठतात तोच कुणीतरी ओरडलं, होडी! आर्ब्रोथहून पत्रं घेऊन येणारी होडी योगायोगाने त्याच वेळी येऊन पोचली होती. सगळे वाचले. इतकं मोठं काम त्या क्षणी एका टपालाच्या होडीवर अवलंबून होतं, हे वाचताना आजही छातीत धस्स होतं.

पायाचा पहिला दगड 10 जुलै 1808 ला बसला. त्या हंगामात ओहोटीचे 265 तास मिळाले, त्यांतले बांधकामाचे फक्त 80. तरी सुमारे 400 चिरे बसले. भागाकार केला तर साधारण 12 मिनिटांना एक चिरा येतो.

हा वेग शक्य झाला, कारण बाकीचं सगळं काम किनाऱ्यावर उरकलं जाई. आर्ब्रोथच्या आवारात पाथरवट प्रत्येक चिरा घडवत, त्याला खाचा पाडत. संपूर्ण थर आधी जमिनीवर जुळवून पाहत, खुणा घालत आणि मगच दगड गलबतावर चढवत. सुताराच्या पारव्या-सांध्यासारखे ते चिरे एकमेकांत अडकत, त्यामुळे चुना घट्ट होण्याआधी लाटा आल्या तरी एक चिरा सुटा निघत नसे. बाहेरून ॲबर्डीनकडचा ग्रॅनाइट, आत डंडीजवळचा वालुकाश्म. एकूण चिरे 2,835, वजन 2,083 टन, म्हणजे एक चिरा सरासरी पाऊण टनाचा. हे सगळे चिरे आर्ब्रोथमध्ये गाडीने ओढले ते एकाच घोड्याने. त्याचं नाव बॅसी. काम संपल्यावर त्याला एका बेटावर निवांत चरायला सोडलं होतं, हे कळून मला फार बरं वाटलं.

मनोऱ्याचा पाया 42 फूट व्यासाचा, थर 90. खालची सुमारे 30 फूट उंची नुसता भरीव दगड, दार त्याच्याही वर. मचाणावर वस्ती झाल्यावर आणि बांधकाम पाण्याच्या वर आल्यावर वेग इतका वाढला की जुलै 1810 अखेर शेवटचा चिरा बसला. खर्चाचा अंदाज होता 42,685 पौंडांचा, प्रत्यक्ष लागले 61,331. दिवा लागला 1 फेब्रुवारी 1811 च्या रात्री: आळीपाळीने लाल आणि पांढरा, म्हणजे खलाशांना तो दुसऱ्या कुठल्या दिव्याशी गल्लत न करता ओळखता यावा. 1988 मध्ये तो स्वयंचलित झाला आणि शेवटचे दिवेवाले खाली उतरले. दगडी बांधकाम मात्र मूळचंच आहे.

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या भीतीने हा दिवा एरवी बंद ठेवत आणि आरमाराने कळवलं तरच लावत. ऑक्टोबर 1915 मध्ये ‘अर्गाइल’ ही युद्धनौका तिथून जाणार होती. दिवा लावण्याचा निरोप निघाला, पण दीपगृहात ना तारयंत्र होतं ना रेडिओ, आणि खवळलेल्या समुद्रामुळे माणूस तिथवर पोचू शकला नाही. 28 तारखेच्या पहाटे ‘अर्गाइल’ अंधारात थेट बेल रॉकवर चढली. नौका गेली, पण तिच्यावरचे जवळजवळ साडेसहाशे जण एकूण एक वाचले.