ओल्या फडक्याने हात का भाजला?

आमच्या शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींचा हात गेल्या हिवाळ्यात भाजला. पातेले रोजचेच होते, चूल रोजचीच आणि फडकेही रोजचेच. फरक एवढाच, की त्या दिवशी ओटा पुसल्यावर तेच फडके हातात राहिले आणि ते ओले होते. पातेले चार पावलांवर नेऊन ठेवायचे होते, पण दुसऱ्याच पावलाला त्यांनी ते खाली टेकवले. खिचडी अंगावर सांडली नाही हे नशीब. हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायला लावला, वर टूथपेस्ट किंवा बर्फ लावू दिला नाही, आणि मग दवाखान्यात नेले. बोटांवरचे फोड जायला दोन आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "पण बाई, ओलं फडकं तर गार असतं. मग सुक्यापेक्षा कमी भाजायला हवं होतं ना?"

प्रश्न रास्त होता. फडके मुद्दाम पाण्यात बुडवून भांडे उतरवणारी माणसे आपल्या ओळखीत असतातच. म्हणून उत्तर न देता आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा. पातेल्यात थोडे पाणी उकळा आणि त्यावर स्टीलचे ताट झाका. जुन्या सुती धोतराच्या दोन सारख्या, चांगल्या जाड घड्या करा. एक कोरडीच ठेवा, दुसरी भिजवून पिळून घ्या. दोन्ही घड्या ताटावर शेजारी ठेवून प्रत्येकीवर पाच रुपयांचे एकेक नाणे आणि नाण्यावर वाटाण्याएवढा वनस्पती तुपाचा गोळा ठेवा. (शेगडीजवळचे काम शिक्षकांनीच करायचे.) कोणता गोळा आधी वितळतो? ओल्या घडीवरचा, आणि तोही बऱ्याच आधी.

सुती फडक्यात सूत असते, पण त्याहून जास्त हवा असते. धाग्याधाग्यांच्या मध्ये आणि धाग्यातल्या तंतूंच्या मध्ये ती अडकून बसलेली असते. अशी जागच्या जागी अडकलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. फडके भिजले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणजे फडके तेच राहते, पण त्यातला राखणदार बदलतो.

मग ओले फडके आधी गार का लागते? पाणी स्वतः तापायला बरीच उष्णता घेते. तेवढ्याच वजनाच्या कापसाला लागेल त्याच्या सुमारे तिप्पट. त्यामुळे पहिले काही क्षण उष्णता फडक्यातले पाणी तापवण्यातच खर्च होते आणि आपल्याला वाटते, छान, गार आहे. तोवर भांडे उचललेले असते, हात मध्येच सोडता येत नाही, आणि मग पाणी सगळी उष्णता एकदम हाताच्या स्वाधीन करते. मावशींचे पहिले पाऊल सुखरूप पडले आणि दुसरे नाही, त्याचे कारण हे. भांडे उचलून लगेच खाली ठेवायचे असेल तर ओले फडके निभावून नेते. चालत जायचे असेल तर नाही.

खरे तर कोणतेच फडके उष्णता अडवत नाही, ते फक्त वेळ मिळवून देते. आपल्या त्वचेला साधारण ४४ अंश सेल्सियसला इजा होऊ लागते, पण त्या तापमानाला काही तास लागतात. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. चांगल्या फडक्याचे काम एवढेच, की भांडे जागेवर पोचेपर्यंत हाताजवळचा थर त्या तापमानाला जाऊ नये. त्यासाठी ते जाड हवे, कोरडे हवे आणि मुठीत दाबल्यावरही त्यात हवा शिल्लक राहायला हवी. घट्ट धरले की फडके चेपते आणि निम्मी हवा निघून जाते, हे आपण विसरतो.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवलीच पाहिजे. हल्ली घरातली फडकी जुन्या साड्यांची असतात आणि साड्या बहुधा पॉलिएस्टरच्या. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळते, नायलॉन त्याच्या प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान. भाकरीचा तापलेला तवा २०० अंशांच्या पुढे सहज जातो आणि ज्वाळा तर त्याच्या कितीतरी वर असते. वितळलेले कापड कातडीला चिकटते. (असे झाले तर ते ओढून काढू नये, वाहत्या पाण्याखाली धरावे आणि डॉक्टरांकडे जावे.) सूत वितळत नाही, ते करपते आणि पेटते. कापड कशाचे आहे हे ओळखायला त्याचा एक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या, खाली पाण्याची ताटली ठेवा. सुताचा धागा भुरकन जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. टेरीकॉटमध्ये दोन्ही खुणा दिसतात. मावशींकडच्या पाच फडक्यांपैकी आम्हाला एकच निखळ सुती सापडले.

तेव्हा असे फडके आपणच करायचे ठरले, आणि मला अमेरिकेतल्या मुलांचे एक खेळणे आठवले. साधारण वीतभर लांबीरुंदीची धातूची किंवा लाकडाची चौकट असते आणि तिच्या चारही बाजूंना खुंट्या असतात, बहुधा प्रत्येक बाजूला अठरा. त्यावर कापडी कड्या ताणून गरम भांडी धरायचे चौकोन विणतात. तिकडे त्यांना पॉट होल्डर म्हणतात. १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, हा उद्योग तिकडे घरोघर पोचला. कड्या विकत बनवाव्या लागत नव्हत्या. मोज्यांच्या गिरण्यांत पंज्याचे टोक शिवताना कापून टाकलेल्या कडा हाच कच्चा माल. पुढे खेळण्यांबरोबर नायलॉनच्या कड्याही विकल्या जाऊ लागल्या, आणि त्यांचे विणलेले चौकोन दिसायला झकास पण तापल्या तव्याला चिकटणारे! आता पुन्हा सुती कड्या मिळतात. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅरिसव्हिल या जुन्या गिरणीगावातून असे माग आजही येतात.

आपला माग कार्यानुभवाच्या दोन तासांत होतो. वीस सेंटिमीटरच्या चार लाकडी पट्ट्यांची चौकट करा. प्रत्येक पट्टीवर एकेक सेंटिमीटर अंतराने अठरा बारीक तारेचे खिळे अर्धे ठोका. एकूण बहात्तर. सुती टी-शर्टाची बाही आडवी कापत गेले की अडीच सेंटिमीटर रुंदीच्या सहा-एक कड्या मिळतात. छत्तीस कड्यांना तीन जुने टी-शर्ट पुरतात. (शाळेच्या गणवेशाचे मोजे घेऊ नका, त्यांत बहुतेक वेळा नायलॉन असते.) कडी दोन्ही हातांनी जोरात ताणली की तिच्या कडा आत वळतात आणि पट्टीची गोल दोरी होते. हे फक्त होजियरीच्या कापडाचे होते. साध्या विणलेल्या कापडाची चिंधी ताणून पाहा, तशीच चपटी राहते. दोरीच्या पोटात आपोआप हवा भरली गेली, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

अठरा कड्या उभ्या ताणल्या की झाला ताणा. आता एकेक आडवी कडी, म्हणजे बाणा, क्रोशाच्या सुईने ओढायची: एका उभ्या कडीखालून, दुसरीवरून, पुन्हा खालून. पुढच्या ओळीत बरोबर उलटे. प्रत्येक कडी दुपदरी असली तरी दोन्ही पदर मिळून एकच धागा धरायचा. सगळे मिळून अठरा गुणिले अठरा, म्हणजे ३२४ ठिकाणी धागे एकमेकांना ओलांडतात. गाठ एकही नाही, तरी कापड टिकते, कारण प्रत्येक धाग्याला शेजारचे दोन धागे उलट दिशांनी दाबून धरतात. एखाद्या मुलाने चुकून लागोपाठ दोन ओळी सारख्याच विणल्या तर त्या दोन्ही एकीसारख्या सरकतात आणि तिथे फट पडते. अशी चूक लगेच उसवू नका, आधी उजेडासमोर धरून दाखवा.

खरी गंमत रंगांची. सगळ्या उभ्या कड्या तांबड्या आणि सगळ्या आडव्या पांढऱ्या घेतल्या तर बुद्धिबळाचा पट तयार होतो. हे सगळ्यांना आधीच सांगता येते. मग मी विचारले, उभ्या कड्या एक तांबडी एक पांढरी अशा लावल्या आणि आडव्याही तशाच, तर काय दिसेल? वर्गाचे मत पडले, आणखी बारीक चौकटी. पैजा लागल्या. विणून झाले तर चौकट एकही नाही! चौकोनावर तांबडे-पांढरे आडवे पट्टे. उलटून पाहिले तर मागे उभे पट्टे. पोरे अवाक्, आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा विणले तेव्हा मीही.

चौकटीच्या वहीत मांडून पाहू. उभ्या कड्यांतली १, ३, ५ अशी विषम क्रमांकांची कडी तांबडी, सम क्रमांकांची पांढरी. पहिली आडवी कडी तांबडी. ती पहिल्या उभ्या कडीखालून गेली, म्हणजे प्रत्येक तांबड्या कडीखालून आणि प्रत्येक पांढऱ्या कडीवरून जाणार. जिथे ती खाली आहे तिथे वर तांबडी उभी कडी दिसते. जिथे ती वर आहे तिथे ती स्वतः दिसते, आणि ती तांबडीच. पांढऱ्याला वाव कुठे? सगळी ओळ तांबडी. दुसरी आडवी कडी पांढरी आणि चाल उलटी, त्यामुळे ती पांढऱ्यांखालून आणि तांबड्यांवरून जाते. सगळी ओळ पांढरी. जे रंग पुढून झाकले गेले ते मागे दिसतात, म्हणून मागे उभे पट्टे.

आता हाच खेळ पहिली कडी खालून न नेता वरून नेऊन सुरू करा. धागे तेच, रंग तेच, क्रम तोच. पण पुढे उभे पट्टे येतात आणि आडवे मागे जातात. एका मुलाने नववी ओळ तांबडी विणल्यावर दहावीही चुकून तांबडीच घेतली, आणि तिथून त्याचे आडवे पट्टे उभे झाले. त्याची चूक सगळ्या वर्गाने उचलली. सम-विषमाची बेरीज फळ्यावर शिकवताना जी कंटाळवाणी होते, तिच्यावर त्या दिवशी मधली सुट्टी संपून गेली तरी वाद चालू होता. हस्तव्यवसायातून सगळे विषय शिकवावेत हे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडले गेले. सगळे विषय तसे शिकवता येतात असे मला वाटत नाही, पण हा येतो.

शेवटच्या तीन-चार ओळी ओढताना दम लागतो. धागा वर-खाली जाताना सरळ धाग्यापेक्षा जास्त लांबी खातो आणि ताणा घट्ट होत जातो. कड्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या का हव्यात, ते इथे कळते. विणून झाल्यावर कोपऱ्यापासून सुरुवात करून एका खिळ्यावरचे टोक सुईवर घ्या, शेजारचे टोक त्यातून ओढून घ्या, मग त्यातून त्याच्या शेजारचे. चारही बाजूंनी फिरून शेवटी उरते ते एकच टोक, टांगायला.

चौकटीतून सुटल्यावर चौकोन आक्रसतो. सतरा सेंटिमीटरची बाजू पंधराच्या आसपास येते. क्षेत्रफळ जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते, पण कापूस तेवढाच असतो. मग तो गेला कुठे? जाडीत. फटी मिटतात, कापड फुगते, आणि आपल्याला हवी होती ती हवा आत कोंडली जाते. तुपाच्या गोळ्याचा प्रयोग आता या चौकोनावर करा, एकदा कोरडा ठेवून आणि एकदा भिजवून.

मावशींनी पहिला चौकोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "चहाच्या भांड्याला बरा आहे. माझ्या पातेल्याला एवढ्याशानं काय होणार?" त्यांचे बरोबर होते. मोठ्या पातेल्याला दोन चौकोनांच्या मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा घालून तिन्ही थर शिवावे लागतात, आणि अशी जोडी लागते, दोन्ही हातांना एकेक. टॉवेलवरचे उभे फासही हवाच धरून ठेवतात. चौकोनाचा कोपरा ज्वाळेवर लोंबू द्यायचा नाही, कारण सूत पेटते. मुलांनी जोडी करून दिली तेव्हा मावशींनी ती टांगायला खिळा स्वतः ठोकून घेतला, चुलीपासून दूर आणि नळापासून त्याहून दूर. ओटा पुसायचे फडके आता वेगळे आहे, निळे.