सायकल: वेगाची कीं सोयीची?

पेणहून नागोठण्यापर्यंत रस्ता बहुतेक सपाट. पुढें भिसे खिंडीचा चढ आणि मग रोहें. एवढ्या वाटेंत सायकलची पुरी पारख होते.

जुनी पोलादी सायकल सुमारें २० किलोंची. तिचीं २८ इंची चाकें, जाड टायर व स्प्रिंगची सीट खड्ड्यांचा दणका सोसतात; पाठ ताठ राहते. परंतु खिंडींत उतरून ती ढकलावी लागते.

शर्यतीची सायकल ८-९ किलोंची व गिअरची. चढ लीलया चढते. मात्र तिच्या २५ मिलिमीटरच्या कडक टायरांतून प्रत्येक खडा मनगटाला कळतो, आणि वांकून बसल्यानें मान अवघडते.

ज्या घरांत काका-पुतणे एकच सायकल वापरणार, तेथें केवळ वेग पाहूं नये. कोंकणच्या पावसांत ३५ मिलिमीटरचे टायर, मडगार्ड व गिअर असलेली मध्यम सायकलच आम्ही श्रेयस्कर मानतों.