कमाईत दहा आणे, पुंजीत अडीच आणे

बाजारात चार दुकानदार एकत्र बसले की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. एक, “त्यांच्या रक्तातच धंदा आहे.” दुसरे, “आपले लोक काही सुधारायचे नाहीत.” खेदाची गोष्ट अशी की ही वाक्ये बोलणारे पुष्कळदा आपलेच व्यापारी आणि कारागीर बांधव असतात. एक समाज संपन्न होतो आणि दुसरा रात्रंदिवस राबूनही मागे का राहतो, या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे असते, तर समाजशास्त्रज्ञांनी त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे खर्ची घातली नसती. या प्रश्नाचा सर्वात बारकाईने अभ्यास झाला तो अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय समाजांविषयी. तो हिशेब आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण त्यातील काही नोंदी आपल्या खतावणीशीही जुळतात.

गल्ला आणि पुंजी

प्रथम आकडे पाहू. सर्व कुटुंबे श्रीमंतीच्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मध्यभागी जे कुटुंब येईल ते मधले कुटुंब. २०२२ साली अमेरिकेत मधल्या गोऱ्या कुटुंबाचे उत्पन्न १०० धरले, तर मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाचे ६५ च्या आसपास होते. म्हणजे जुन्या हिशेबाने रुपयाला दहा आणे. परंतु कर्ज वजा जाता उरणारी मालमत्ता पाहिली, तर गोऱ्यांकडे सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि कृष्णवर्णीयांकडे सुमारे ४५ हजार डॉलर. म्हणजे रुपयाला अवघे अडीच आणे!

हा फरक निव्वळ आळसाचा असता, तर तो रोजच्या गल्ल्यात सर्वात जास्त दिसला असता. तो जास्त दिसतो पुंजीत, आणि पुंजी एका पिढीत साठत नाही. मेल्विन ऑलिव्हर आणि थॉमस शापिरो या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये आपल्या ग्रंथात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले.

दोष स्वभावाचा की परिस्थितीचा?

विद्वानांनी दिलेले एक उत्तर बाजारातल्या उत्तरासारखेच होते. ऑस्कर लुईस यांनी ‘गरिबीची संस्कृती’ ही कल्पना मांडली. गरिबीत वाढलेली मुले गरिबीचेच वळण उचलतात, असा तिचा सारांश. १९६५ मध्ये डॅनियल मॉयनिहन यांनी सरकारी अहवालात कृष्णवर्णीयांच्या विस्कटलेल्या कुटुंबांवर भर दिला. यावर मोठा वाद झाला. परिणामालाच कारण समजले जात आहे, असा टीकाकारांचा आक्षेप होता. पुढे विल्यम ज्युलियस विल्सन यांनी शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास करून दाखविले की तेथील कारखाने बंद पडले, ज्यांना शक्य होते ते बाहेर निघून गेले, आणि मागे राहिलेल्यांचा रोजगार गेल्यावर घरेही मोडू लागली. ज्या गावात माग बंद पडले आहेत, तेथील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उत्तर दारातच होणाऱ्या अडवणुकीचे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टन आणि शिकागो येथे सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठविण्यात आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे आले. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे एक. आपल्या देशात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी असाच प्रयोग करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारखी पात्रता असूनही दलित नावांना सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली, आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी.

नकाशावरील लाल रंग

तिसरे उत्तर इतिहासाचे आहे, आणि व्यापाऱ्याने ते विशेष ध्यानात घ्यावे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी बचत करावी म्हणून १८६५ मध्ये एक बँक निघाली. ती १८७४ मध्ये बुडाली आणि सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. पुढे १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगविले. ‘धोकादायक’ ठरविलेल्या भागांना लाल रंग दिला, आणि कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या त्यातच आल्या. १९३४ पासून गृहकर्जांना विमा देणारे सरकारी खातेही अशा वस्त्या टाळू लागले. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना कर्जाची हमी देणारा कायदा १९४४ मध्ये झाला. पण १९४७ च्या एका पाहणीत मिसिसिपी राज्यातील ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली फक्त २!

याचा परिणाम सरळ आहे. कर्ज नाही म्हणून घर नाही. घर नाही म्हणून तारण नाही. तारण नाही म्हणून धंद्याला भांडवल नाही, आणि मुलांना वारसा नाही. घरांच्या व्यवहारात भेदभाव करण्यास १९६८ च्या कायद्याने बंदी घातली, परंतु तोवर दुसऱ्या बाजूला एक अख्खी पिढी घरमालक होऊन गेली होती.

भिशीची ताकद

मग बाहेरून आलेले काही समाज पुढे कसे गेले? आयव्हन लाइट यांनी १९७२ च्या ग्रंथात दाखविले की अमेरिकेतील चिनी आणि जपानी लोकांनी आपल्या भिशीसारख्या मंडळांतून दुकानांसाठी भांडवल उभे केले. मायामीत स्थिरावलेल्या क्यूबन लोकांविषयी आलेहांद्रो पोर्तेस यांनी लिहिले आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर प्रथम आलेल्यांत व्यापाराचा अनुभव असलेले पुष्कळ होते, त्यांना सरकारी मदतही मिळाली आणि ते एकमेकांना काम देत गेले. ज्याला लोक ‘रक्तातला धंदा’ म्हणतात, तो असा सोबत आणलेला अनुभव, ओळखी आणि एकमेकांवरील भरवसा असतो.

आपली खतावणी

अमेरिकेतील गुलामगिरी आणि आपला इतिहास एक नव्हे, हे आम्ही स्पष्ट करतो. परंतु पुंजी अडण्याची रीत ओळखीची आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात नोंदविले की काही बँका ठरावीक भाग ‘नकारात्मक क्षेत्र’ मानून तेथे सहजी कर्ज देत नाहीत, आणि मुस्लिम वस्त्यांना याची झळ बसते. लाल रंगाच्या नकाशाची आठवण व्हावी, अशीच ही गोष्ट आहे.

हा नकाशा बदलणे सरकारचे आणि बँकांचे काम आहे, आणि त्यासाठी आवाज उठविलाच पाहिजे. पण जी किल्ली आपल्या हाती आहे, ती तरी गंजू देऊ नये. आपली भिशी इमानदारीने चालते, परंतु बँकेच्या वहीत तिची नोंद होत नाही. वीस वर्षे हप्ता न चुकविणारा कारागीर बँकेच्या लेखी अनोळखीच राहतो. यास्तव उलाढालीचा काही भाग तरी खात्यातून फिरवावा. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करावी. कर्ज नाकारले तर कारण लेखी मागावे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन मृत्युपत्राशिवाय वारसांच्या सामाईक नावावर राहिली. अशा जमिनीवर कर्ज मिळेना, आणि पुढे अनेकांची जमीन वाटणीच्या दाव्यात कवडीमोलाने गेली. आपल्या मोहल्ल्यांतही आजोबा वारून तीस वर्षे झाली, तरी घर त्यांच्याच नावावर असते. असे घर राहण्यास उपयोगी, पण तारणास नाही. तेव्हा रक्ताला बोल लावणे थांबवून बांधवांनी या आठवड्यात घराचा उतारा काढावा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे.