मुठीत मावेल एवढे दाढीचे सामान

नोकरीसाठी महिन्यातून चार-सहा रात्री घराबाहेर काढणारा माणूस आज बहुतेक घरांत सापडतो. कुणी औषध कंपनीचा प्रतिनिधी असतो, कुणी बँकेचे ऑडिट करतो, कुणी टेम्पो घेऊन नाशिक-सुरत करत असतो. आम्हा शिक्षकांचेही आता तसेच झाले आहे. आज प्रशिक्षण, उद्या पेपर तपासणी, परवा निवडणुकीचे काम, त्यानंतर मुलांना घेऊन क्रीडा स्पर्धा. अशा माणसाची बॅग भरताना कपडे, कागदपत्रे, चार्जर, डबा सगळे आठवते. दाढीचे सामान मात्र एसटीची वेळ झाल्यावर आठवते. मग न्हाणीघराच्या फळीवरून ओला ब्रश, अर्धी ट्यूब आणि उघडा रेझर उचलून कॅरीबॅगेत कोंबला जातो. नाहीतर 'तिथे कुणाकडे तरी मिळेल' म्हणून राहूनच जातो.

हे राहून जाणे अधिक वाईट. प्रशिक्षणाच्या वसतिगृहात सकाळी नळापाशी रांग लागते आणि 'सर, जरा रेझर देता का?' हे वाक्य सर्रास ऐकू येते. मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याला नाही म्हणवत नाही. पेन मागावे तसा रेझर मागितला जातो. पण दाढी करताना कातडीला इतक्या बारीक जखमा होतात की त्या आपल्याला दिसतही नाहीत, आणि रक्ताचा अंश पात्याला लागून राहतो. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. म्हणजे रेझर धुतला, वाळला, चकचकीत दिसला, तरी तो निर्धोक झाला असे नाही. हिपॅटायटिस सी चाही प्रसार रक्तातूनच होतो आणि त्यावर अजून लस नाही. बी वर आहे. आजच्या बाळांना ती जन्मतःच मिळते. आमच्या वयाच्या माणसांच्या लहानपणी ती सरकारी लसीकरणात नव्हती, तेव्हा 'मला काय होतंय' असे म्हणणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या गड्यांनी जरा जपूनच राहावे. या विषाणूंची लागण झालेल्या अनेकांना वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. रेझर देणाऱ्या भल्या माणसालाही आपल्या अंगात काय आहे ते ठाऊक नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की दाढीचे सामान इतके लहान असावे की ते कधी मागे राहूच नये. मोठी पेटी दोन प्रवासांनंतर घरी राहते. मुठीत मावणारी पिशवी बॅगेच्या कप्प्यात कायमची राहते.

या विषयाची गंमत अशी की आजचा सेफ्टी रेझर मुळात एका फिरत्या विक्रेत्याच्याच डोक्यातून निघाला. किंग कँप जिलेट हे अमेरिकेत बाटल्यांची बुचे विकत गावोगाव फिरत. त्या काळचा वस्तरा वारंवार पाजळावा लागे. १८९५ साली त्यांना सुचले की पातळ पोलादाचे, दोन्हीकडून धार असलेले पाते करावे आणि बोथट झाले की टाकून द्यावे. इतक्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार येणार नाही असे जाणकार सांगत होते. ती अडचण विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि १९०४ च्या नोव्हेंबरात पेटंटही मिळाले. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना हा रेझर सरकारने दिला आणि तो जगभर गेला. आपल्याकडे अब्बांच्या पिढीने टोपाझ, अशोक, सेव्हन ओ'क्लॉक यांची पाकिटे पाहिली, आणि ठाण्यात तयार होणारे सुपरमॅक्सही.

शतक उलटले तरी या पात्याचे माप बदललेले नाही, आणि प्रवाशाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण. कोणत्याही कंपनीचे पाते कोणत्याही कंपनीच्या रेझरला बसते. गावातल्या किराणा दुकानात, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर ते मिळते आणि एकाची किंमत अर्ध्या कप चहाहूनही कमी पडते. तीन-चार पात्यांचे महागडे कार्ट्रिज छान चालते, आम्ही नाकारत नाही. पण ते संपले की त्याच कंपनीचे तेच मॉडेल शोधत फिरावे लागते, आणि तालुक्याच्या गावी रात्री नऊला ते मिळत नाही. साधा रेझर घेताना तीन तुकड्यांत सुटणारा घ्यावा: वरची टोपी, मधली पट्टी आणि दांडा. सुटा करून रुमालात गुंडाळला की चष्म्याच्या जुन्या डबीतही मावतो. पाते काढून ठेवल्यामुळे बॅगेत हात घालणाऱ्या लेकराचे बोटही कापत नाही.

एक पाते किती दिवस चालवायचे यावर प्रत्येक स्टाफरूममध्ये वाद आहे. आठवडाभर चालवणारे काटकसरी आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्या मानेवरचे पुरळही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ; तरी पाते बोथट होते, कारण केस वाकला आणि पाते तिरके लागले की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. उडालेला टवका तळहातावर किंवा पॅंटवर पाते घासून परत येत नाही. चार-पाच दाढ्या झाल्या की पाते बदलावे. चार दिवसांच्या दौऱ्याला एक पाते रेझरला आणि एक जादा पुरते.

आता साबण. फोमचा डबा पिशवीत सर्वांत जास्त जागा खातो आणि सर्वांत कमी काम करतो. त्याऐवजी क्रीमची लहान ट्यूब घ्यावी. एका दाढीला हरभऱ्याएवढे, म्हणजे साधारण ग्रॅमभर क्रीम लागते, त्यामुळे ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर हलत नाही. त्याहून सुटसुटीत म्हणजे दाढीच्या साबणाचा एक तुकडा कापून औषधाच्या किंवा सुपारीच्या लहान डबीत दाबून बसवणे. तो सांडत नाही, बॅगेत फुटत नाही. वाटीची गरज नाही. फेस गालावरच करायचा असतो.

ब्रश नेलाच पाहिजे असे नाही. क्रीम बोटांनीही लावता येते. पण दाढीचा केस दाट असेल तर ब्रश केस उभे करतो आणि फेस मुळाशी पोहोचवतो. इथे एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगायलाच हवी. पाकिटावर 'बोअर' असे लिहिले असेल तर ते डुकराचे केस असतात. स्वस्त ब्रशांत हा प्रकार बराच आढळतो आणि घेणाऱ्याच्या ते गावीही नसते. कृत्रिम धाग्याचा ब्रश घेतला की तो प्रश्नच उरत नाही. शिवाय तो फार लवकर वाळतो, आणि रोज मुक्काम बदलणाऱ्याला यापेक्षा वेगळे काय हवे? ओला ब्रश बंद डबीत ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. झटकून, पंच्याने टिपून, डबीच्या झाकणाला दोन-तीन भोके पाडून ठेवावा.

आफ्टरशेव्हची बाटली आमच्या पिशवीत नाही. अल्कोहोलचा विषय काही घरांत निघतो, काही घरांत नाही. आमच्याकडे तो निघायच्या आधीच तुरटीने जागा घेतली होती. उर्दूत फिटकरी, मराठीत तुरटी. गढूळ पाणी निवळायला आपल्या आया-आजींनी माठात फिरवलेली तीच ही. तिने कातडी आवळली जाते आणि लहानसहान कापण्याचे रक्त थांबते. ओल्या चेहऱ्यावर हलकेच फिरवायची, मिनिटभर थांबायचे, धुऊन टाकायचे. जिथे जास्त झोंबते तिथे आपला हात जड पडला असे समजावे. बोराएवढा तुकडा महिनोन्महिने पुरतो, फक्त पुसून कोरडा ठेवावा.

सामानापेक्षाही पाणी महत्त्वाचे. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी शोषले की फुगतो आणि सहज कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. फजरला उठणाऱ्याचे इथे आपोआप साधते. चेहरा वुजूने आधीच ओला झालेला असतो, आणि नमाज आटोपून आले तरी नळापाशी रांग लागलेली नसते. पुन्हा चेहरा भिजवून, फेस लावून शांतपणे काम होते. गरम पाणी मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी अडत नाही. बोअरचे जड पाणी मात्र सतावते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन फेसाऐवजी पांढरा चोथा तयार होतो. मराठवाड्यातल्या लॉजवर ज्यांनी डोक्याला साबण लावला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अशा वेळी पिण्याच्या बाटलीतले चार घोट पाणी फेसासाठी वापरावे, चूळ भरायला आणि रेझर धुवायला नळाचे चालेल. आणि नळ सोडून दाढी करू नये; अख्खी दाढी एका तांब्यात होते, उन्हाळ्यात तर होतेच होते.

दौऱ्यावर केसांच्या दिशेने एकच हात फिरवावा. घरी रविवारी उलटा-सुलटा तीन वेळा फिरवून गाल आरशासारखा करावा, हरकत नाही. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये गालावरून कुणी हात फिरवून पाहत नाही. लॉजच्या बाथरूममध्ये आरसा दाराच्या मागे आणि दिवा डोक्याच्या मागे असतो, हा जणू नियमच आहे. तेव्हा खिशातला मोबाइल उपयोगी पडतो.

दाढी राखणाऱ्यांची पिशवी याहून लहान. त्यांना गालाची आणि मानेची कड, मिशा एवढेच पाहायचे असते. एक लहान कात्री, कंगवा आणि तोच रेझर. अंगावरच्या इतर केसांसाठी मात्र रेझर वेगळा असावा, चेहऱ्याचा नको. त्याची चाळीस दिवसांची मर्यादा आपल्याला माहीतच आहे, आणि महिना महिना बाहेर राहणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टर भावांनी ती पिशवी भरतानाच लक्षात घ्यावी.

मग न्हाव्याकडे जायचेच नाही का? जरूर जावे. हजामत हा शब्दच मोठा मजेशीर आहे. अरबीत हज्जाम म्हणजे शिंग-तुंबडी लावून रक्त काढणारा. तोच माणूस केसही कापी, म्हणून उर्दूत आणि मराठीत हजाम म्हणजे न्हावी झाला. उर्दूचा उस्तरा मराठीत वस्तरा झाला. आज बहुतेक दुकानांत अर्धे पाते बसवायचा वस्तरा असतो. नवे पाते आपल्या डोळ्यांसमोर बसवायला सांगावे, यात कुणाचा अपमान नाही. पण पाते नवे बसले तरी तुरटीचा खडा जुनाच असतो. सकाळपासून वीस गालांवरून, त्यातल्या काही कापलेल्या गालांवरून, तो फिरलेला असतो. आपल्या डबीतला तुकडा पुढे करावा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: सुटे पाते किंवा पाते लावलेला सेफ्टी रेझर हातातल्या बॅगेत नेता येत नाही, तो काउंटरवर द्यायच्या बॅगेत टाकावा. फक्त हातातलीच बॅग असेल तर रेझर रिकामा न्यावा आणि पाती उतरल्यावर घ्यावीत. परदेशी जाताना क्रीमही १०० मिलीच्या मर्यादेत मोजले जाते. घट्ट साबणाचा तुकडा त्यात येत नाही. रेल्वे आणि एसटीला यातले काही लागू नाही.

राहिले वापरलेले पाते. लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात ते तसेच टाकणारे सुशिक्षित लोक आम्ही पाहिले आहेत. तो डबा सकाळी हाताने रिकामा करणारी बाई असते, आणि पुढे उकिरड्यावर तोच कचरा निवडणारी पोरे असतात. त्यांच्या हातात मोजे नसतात. काविळीचा जो धोका रेझर मागणाऱ्याला, तोच त्यांना, आणि तो त्यांनी मागितलेलाही नसतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या भिंतीला एक फट ठेवत. वापरलेली पाती त्यातून भिंतीच्या पोकळीत पडत आणि घर पाडेपर्यंत तिथेच राहत. आपल्याला भिंत पोकळ करायची गरज नाही. पात्यांच्या काही प्लास्टिक पाकिटांना मागच्या बाजूला जुने पाते सरकवायची खाच असते. ती नसेल तर जुने पाते त्याच्याच कागदात गुंडाळून पिशवीत परत आणावे. घरी पत्र्याच्या एखाद्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून, झाकण चिकटपट्टीने पक्के करून ठेवावे. आमच्याकडे त्यासाठी बाम आलेला लहान पत्र्याचा डबा आहे. दौऱ्यावरून आल्या रात्री जुने पाते त्यात पडते, नवे पिशवीत जाते आणि पिशवी बॅगेतच राहते. चार वर्षे झाली, डबा अजून अर्धाही भरलेला नाही.