परदेशी डब्यावरचे वजन



धुळे-सोलापूर हमरस्ता आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते मांजरसुंबा हे आपल्या बीड जिल्ह्यातले चौरस्त्याचे गाव. अशा गावच्या दुकानात चारी दिशांचा माल येऊन पडतो, आणि हल्ली त्या चार दिशा फार लांबवर पोहोचल्या आहेत. इराणचा खजूर, अमेरिकेचे बदाम, चीनहून आलेली विजेरी, युरोपातले चॉकलेट, हे सारे आता तालुक्याच्या बाजारातही नवलाचे राहिलेले नाही.

ज्वारी घेताना आपण मापावर कसा डोळा ठेवतो ते आठवा. मापटे शिगोशीग भरले की हात मारून सपाट केले, पारडे स्थिर झाले की दुकानदाराचे बोट त्यावर होते, हे सगळे आपण पाहून घेतो. बंद पुड्यापुढे मात्र हे शहाणपण चालत नाही. तिथे पारडे नाही, माप नाही. पुड्यावर छापलेला आकडा हेच माप. आता तो आकडा सात समुद्रांपलीकडे कोणी छापला, कोणत्या काट्यावर तोलून छापला, आणि माल कमी भरला तर जाब विचारायचा कोणाला? तेहरानच्या खजूरवाल्याला बीडच्या न्यायालयात कोण हजर करणार?

या प्रश्नाला आपल्या कायद्याने दिलेले उत्तर मोठे व्यवहारी आहे. परदेशी कारखानदार हाती लागत नाही, तर माल देशात आणणाऱ्यालाच जबाबदार धरायचे. म्हणून परदेशी पुड्यावर निव्वळ वजनाच्या जोडीला आयातदाराचे नाव आणि इथला पत्ता असलाच पाहिजे. वजनाचा आकडा हे एक वचन आहे म्हणा ना, आणि त्या वचनाला जामीन राहणारा माणूस भारतातला असला पाहिजे.

ही व्यवस्था एका दिवसात झाली नाही. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पायली, शेर, मापटे, चिपटे ही नावे सगळीकडे एकच, पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. जुन्या मंडळींनी शेराचे किलो करताना काय हिशेब घातले असतील ते त्यांनाच ठाऊक! पुढे माल सुटा मिळायचा तो बंद पुड्यात येऊ लागला, तेव्हा १९७७ साली पुडाबंद मालाचे वेगळे नियम आले. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आणि २०११ चे पुडाबंद वस्तूंचे नियम १ एप्रिल २०११ पासून लागू झाले. आज चालतात ते हेच, अधूनमधून झालेल्या दुरुस्त्यांसह.

परदेशी मालाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख आहे २४ नोव्हेंबर २०००. त्या दिवशी केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालकांनी अधिसूचना काढली, की देशी पुड्यावर जो मजकूर लागतो तोच आयात पुड्यावरही लागेल, छापील कमाल किमतीसकट. मूळ देशात तसा मजकूर छापलेला नसेल, तर बंदरातून माल सोडवण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या गोदामात तशी चिठ्ठी चिकटवता येते. परदेशी डब्याच्या पाठीवर पांढरी चौकोनी चिठ्ठी दिसते ना, ती हीच. पुष्कळांना वाटते, चिठ्ठी वरून चिकटवली म्हणजे काहीतरी गडबड आहे. उलट, परदेशी डब्यावर आपल्या कायद्याचा मजकूर कुठेच नसेल, ना छापलेला ना चिकटवलेला, तर तिथे शंका घ्यावी. असा माल बहुधा आडवाटेने आलेला असतो, आणि तो खराब किंवा कमी निघाल्यास दाद मागायला समोर कोणीच नसते.

आता खुद्द आकड्याकडे या. अमेरिकेच्या बदामाच्या पाकिटावर कधी कधी २२७ ग्रॅम असा चमत्कारिक आकडा असतो. अडीचशे का नाही? कारण तो मुळात अर्धा पौंड आहे. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याचा निम्मा २२६.८. डब्यावर ४५४ दिसले तर तो अख्खा पौंड. आपल्याकडे पौंड-औंसात माल विकता येत नाही, म्हणून ग्रॅमचा आकडा द्यावाच लागतो. हे फार बरे झाले. कारण ‘औंस’ हा शब्द वजनालाही वापरतात आणि पातळ पदार्थाच्या मापालाही. गॅलनची तऱ्हा त्याहून न्यारी. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. नाव एक, आणि माल पाऊण लिटरने कमी! आपल्या पायलीचीच ही गोरी बहीण म्हणायची.

युरोपातल्या पुड्यांवर वजनाच्या शेजारी रोमन लिपीतले एक लहान, गोलसर ‘ई’ अक्षर असते. या मालाचे भरलेले वजन तिकडच्या सरासरीच्या नियमाप्रमाणे तपासले आहे, एवढाच त्याचा अर्थ. दर्जाशी त्याचा संबंध नाही, आणि ते अक्षर असले म्हणून आपल्याकडचा आवश्यक मजकूर माफ होत नाही.

सरासरीवरून आठवले. यंत्राने भरलेला प्रत्येक पुडा गुंजभरही इकडेतिकडे होणार नाही, असे कायदाही मानत नाही. २०० ते ३०० ग्रॅमच्या पुड्याला ९ ग्रॅम आणि अर्धा किलो ते एक किलोच्या पुड्याला १५ ग्रॅम इतकी चूक चालवून घेतली जाते. पण तपासणीत उचललेल्या पुड्यांची सरासरी छापील आकड्याच्या खाली जाता कामा नये. म्हणजे प्रत्येक पुड्यात मोजून १५ ग्रॅम कमी भरायची सोय लबाडाला ठेवलेली नाही. शिवाय ‘सुमारे’, ‘किमान’ असले पळवाटेचे शब्द वजनाला जोडता येत नाहीत. आणि वजन म्हणजे निव्वळ वजन, डबा, कागद, पिशवी वगळून.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. हा मजकूर देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठी जोडायला मनाई नाही, सक्तीही नाही. आयातदार इंग्रजीवर भागवतो. ज्याच्या संरक्षणासाठी एवढा खटाटोप, त्याला ती चिठ्ठी वाचताच येऊ नये, हे मला तरी पटत नाही.

सगळाच परदेशी माल पुड्यात येतो असे नाही. मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल जहाजाच्या टाक्यांतून येते, परदेशी युरिया मोकळा येऊन बंदरावर पोत्यांत भरला जातो. अशा मालाचा पुडा इथे बांधला जातो, म्हणून आकड्याची जबाबदारी इथे भरणाऱ्यावर येते. तेलाची गंमत पाहा. तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश सेल्सिअसला भरले तर सुमारे ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना भरले तर सुमारे ८९३. लिटर तेच, पण कढईत पडणारे तेल पंचवीस-एक ग्रॅमने कमी! म्हणून २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेलवाल्यांना बजावले, की तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ माप द्या आणि त्यासोबत वजनही छापा, व ते खरोखर तेवढे भरा. तेव्हा पिशवी घेताना लिटरपेक्षा ग्रॅमचा आकडा पाहावा.

युरियाचे पोते १ मार्च २०१८ पासून ५० किलोऐवजी ४५ किलोचे झाले. किंमतही त्याच प्रमाणात उतरवली होती, फसवणूक नव्हती. पण आपण खत पोत्यांनी मोजतो. पूर्वी दहा पोती टाकणारा आजही दहाच टाकत असेल तर ५०० किलोंच्या जागी ४५० पडतात. खत कमी वापरले जावे हाच सरकारचा हेतू होता. तो आपल्याला ठाऊक असावा, एवढेच म्हणणे.

शिक्षक बंधू-भगिनींनी रिकामी पाकिटे वर्गात आणवावीत. २२७ ग्रॅमचे आणि २५० ग्रॅमचे, दोन्ही दोनशे रुपयांना असतील तर एका ग्रॅमला काय पडले? पहिल्याला ८८ पैसे, दुसऱ्याला ८०. २०२१ च्या दुरुस्तीने हा एककाचा दर पुड्यावर छापण्याचा नियम केला आहे. मुलांनी आपले उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. त्याच पाकिटांवर आयातदाराचे नाव, मूळ देश आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी शोधायला लावावा. सातवीच्या मुलाला पाच मिनिटांत सापडतो, आणि घरी गेल्यावर तो आईच्या डब्यांवरही शोधतो.

वजनाची शंका आली तर पुडा फोडू नका. फोडलेल्या पुड्यातून काय सांडले आणि काय काढले, याचा पुरावा राहत नाही. पावती जपा, त्याच घाणीतला म्हणजे त्याच तुकडीचा दुसरा पुडा दुकानात असेल तर तोही ध्यानात ठेवा, आणि जिल्ह्याच्या वैध मापनशास्त्र निरीक्षकाकडे, ज्यांना आपण अजून वजनमापवाले साहेब म्हणतो, त्यांच्याकडे अर्ज द्या. बीडला जाणे होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. अर्जात दुकानदाराच्या नावाबरोबर चिठ्ठीवरचे आयातदाराचे नाव जसेच्या तसे उतरवा. पुडा दुकानात जसा आला तसाच विकला असेल, तर वजनाचा जाब मुख्यतः त्यालाच द्यावा लागतो.