नॅचरल आहे ना, मग टेन्शन कशाला?

गेल्या वर्षीची गोष्ट. इन्शुरन्स पॉलिसीसाठी ब्लड टेस्ट केली आणि रिपोर्टमध्ये ‘एसजीपीटी’ नॉर्मलच्या तिप्पट! लिव्हरवर ताण आल्याची ही खूण.

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काही औषधं चालू आहेत?’’

‘‘छे! काहीच नाही.’’

खोटं बोलत नव्हते हो! पर्समधली गुळवेलीच्या अर्काची डबी मला औषध वाटतच नव्हती. लॉकडाऊनमध्ये आई काढा द्यायची, पुढे डेडलाइन्सच्या धावपळीत त्याची जागा कॅप्सूलनं घेतली. इतकंच.

कॅप्सूल बंद केली आणि दीड महिन्यात आकडा खाली आला. दोष तिचाच, असं एवढ्यावरून सांगता येणार नाही, हे डॉक्टरही म्हणाले. पण माझ्यातली पत्रकार जागी झाली ना!

2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले 6 पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा, की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही; तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधून असे 43 पेशंट पुढे आले.

म्हणूनच टेस्टिंगची पहिली पायरी म्हणजे ओळख. एचपीटीएलसी या तंत्राने अर्कातले घटक पट्टीवर वेगळे करतात आणि तो पॅटर्न अस्सल वनस्पतीशी जुळवतात. मग शिसं, पारा, आर्सेनिक, जंतू, कीटकनाशकं यांची तपासणी. त्यानंतर येते खरी परीक्षा. उंदरांना एकदाच मोठा डोस देऊन 14 दिवस लक्ष ठेवतात. पुढे 90 दिवस रोज डोस देऊन त्यांचं रक्त, लिव्हर, किडनी तपासतात. आपण कॅप्सूल महिनोन् महिने घेतो, त्यामुळे ही दुसरी टेस्ट जास्त महत्त्वाची.

आजी हेच तर घ्यायची, असं तुम्ही म्हणाल. पण आजीचा काढा पाण्यात उकळलेला आणि चार दिवसांपुरता. अर्क अल्कोहोलमध्ये काढला, तर वेगळे घटक उतरतात, तेही दाट होऊन. शिवाय ग्रंथातल्या औषधाला ग्रंथातल्याच उपयोगासाठी परवाना देताना सुरक्षेच्या नव्या चाचण्या मागितल्या जात नाहीत.

थोडक्यात काय, डबीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, अर्काचं प्रमाण आणि बॅच नंबर आहे का, ते बघा. कंपनीकडे त्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा. आणि डॉक्टरांनी ‘काही औषधं?’ असं विचारलं, की डबीच टेबलावर ठेवा. मी आता तेच करते!