चाळीसगावचा टांगा आणि माझ्या दारातली गाडी

भीतीवर भाषण करणे सोपे असते. मी ते आयुष्यभर केले आहे. चौदा एप्रिल असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की वस्तीतल्या एखाद्या शाखेचे उद्घाटन असो, ‘भिऊ नका, स्वाभिमानाने जगा’ हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. विद्यार्थिदशेत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चात उतरलो, पोलिसांच्या लाठ्या पाठीवर घेतल्या. त्याचा आजही अभिमान वाटतो. पण याच माणसाने एक भीती तीस वर्षे समाजापासून, मित्रांपासून आणि स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. मला गाडी चालवण्याची भीती वाटत होती.

वाचक हसतील. हसावे. मी स्वतः हसू शकलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

गोष्ट 1991 सालची. मी बावीस वर्षांचा होतो. घरात सायकलीपलीकडे वाहन नव्हते. एका मित्राची मोटारसायकल मागून आणली. त्याने अर्धा तास मैदानात शिकवले, मला वाटले झाले, आली गाडी. दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाला मागे बसवून गावाकडे निघालो. एका नाल्यावरच्या पुलाजवळ समोरून ट्रक आला. काय करावे ते सुचेना. ब्रेक दाबायचा की हँडल वळवायचे, काहीच कळले नाही. खरे सांगायचे तर मी गाडी सोडूनच दिली. आम्ही दोघे खडीवर पडलो. मला खरचटले आणि भावाचा पाय मोडला. चार महिने तो प्लास्टरमध्ये होता. त्याची बारावीची परीक्षा गेली. त्याने मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही, पण मी स्वतःला दिला. त्या दिवसापासून हँडलला हात लावला नाही.

भीती माणसाला खोटे बोलायला शिकवते. ‘पेट्रोल कुठे परवडते?’, ‘आपली एस.टी. बरी’, ‘साधी राहणी हाच माझा बाणा’ असे मी सांगत गेलो. लोक मला साधा कार्यकर्ता म्हणू लागले. तो मान मी मुकाट्याने घेतला. नोकरीत एक बढती आली होती. फिरतीचे काम होते, म्हणून मी घरची अडचण पुढे करून ती नाकारली. दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. समोर ट्रक दिसला की तळव्यांना घाम सुटायचा, छाती धडधडायची, श्वास अपुरा पडायचा. मी मागच्या सीटवर बसू लागलो. मग रात्रीचा प्रवास टाळू लागलो. मग घाटाचा. भीती अशीच वाढते. आपण तिच्यासाठी एक पाऊल मागे सरकलो की ती एक पाऊल पुढे येते.

2016 मध्ये पत्नी मोटार शिकली. ती शिक्षिका आहे. शाळा दूर होती, तिने कुणाची परवानगी मागितली नाही. पुढे आम्ही एक जुनी मोटार घेतली. ती चालवायची, मी शेजारी बसायचो. नातेवाईक थट्टा करायचे. मी वरून हसायचो आणि ‘स्त्रीमुक्ती आमच्या घरापासून’ असे म्हणायचो. त्यात थोडे खरे होते आणि बरेचसे लपवणे होते.

2022 च्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास पत्नीच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. पुढे निदान झाले, पित्ताशयात खडे होते. शेजारचा मुलगा बाहेरगावी होता. रुग्णवाहिकेला फोन लावला, यायला वेळ लागणार होता. दारात गाडी उभी होती आणि मी चावी हातात घेऊन नुसता उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले. ती म्हणाली, “अहो, बसा तुम्ही शेजारी.” आणि पोट एका हाताने दाबून धरून ती गाडी चालवत दवाखान्यात गेली. सिग्नलवर थांबली की कण्हायची, पुन्हा गिअर टाकायची. मी शेजारी बसून होतो. त्या रात्री मला माझ्या सगळ्या भाषणांची लाज वाटली.

तिचे ऑपरेशन झाले. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा वाचायला घेतले. त्यातले चाळीसगावचे प्रकरण आपल्या लोकांना माहीत आहे. 1929 साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावला उतरले. समाजबांधवांची इच्छा होती की त्यांनी एक रात्र आपल्या वस्तीत राहावे. स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून टांगा हाकायला तयार होईना. आपले बॅरिस्टर साहेब पायी चालत येणार, हे लोकांना सहन होईना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही पाहा. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. आधी एका मोटारीची धडक थोडक्यात चुकली. पुढे नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

आपण हे प्रकरण नेहमी टांगेवाल्यांच्या जातीय मग्रुरीचा पुरावा म्हणून सांगतो. ते बरोबरच आहे. हलके काम करणारा टांगेवालाही स्वतःला बॅरिस्टरपेक्षा उच्च समजतो, हीच तर मनुवादी व्यवस्था आहे. पण त्या रात्री माझे लक्ष दुसऱ्याच माणसावर गेले. लगाम हाती घेणाऱ्या त्या अनामिक समाजबांधवावर. बाबासाहेबांनी त्याच्याविषयीही लिहून ठेवले आहे. त्याला सुरुवातीला वाटले, यात काय अवघड आहे? पण पुढे जाताना जबाबदारीची जाणीव झाली, तो घाबरला आणि त्याने घोडा आवरण्याचा प्रयत्नच सोडून दिला.

मी पुस्तक मिटले. 1991 च्या पुलावर मी नेमके हेच केले होते.

बाबासाहेबांनी त्या माणसाला भित्रा म्हटलेले नाही. टांगा हाकणे हा आपल्या लोकांचा धंदाच नव्हता, हे कारण ते देतात. आणि आपल्या लोकांची चूकही स्पष्ट सांगतात. माझा मान राखण्याच्या नादात त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, प्रवाशाची सुरक्षितता मानापेक्षा मोठी असते हे ते विसरले. समाजाच्या प्रेमाचा एवढा आदर असूनही असे स्पष्ट बोलणारा हा नेता होता. स्वाभिमान हवाच, पण त्याला प्रशिक्षणाची जोड नसेल तर तो स्वाभिमान आपल्याच माणसाचे हाड मोडतो.

त्याच लेखनात त्यांच्या बालपणीचा 1901 च्या सुमाराचा प्रसंग आहे. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरली. मुले महारांची आहेत हे कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन त्याने गाडी दिली, ती मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. म्हणजे आपल्या लोकांच्या हाती लगाम आला तो शिकून नव्हे, नाइलाजाने आला. ज्याच्या घरी शेती, बैलगाडी, पुढे ट्रॅक्टर, त्याचा पोरगा बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायला शिकतो. ज्याच्या बापाला गावातून घोड्यावर बसून जाण्याची बंदी होती आणि ज्याच्या समाजातल्या नवरदेवाच्या घोड्यावर आजही दगड येतात, त्याला ते आयते मिळत नाही. तेव्हा वाहनाची भीती ही नुसती मनाची दुर्बलता नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या सरावाची ती बाकी आहे. आणि बाकी आहे म्हणजे ती फेडताही येते.

कशी फेडायची? याचे उत्तर मला धम्मात मिळाले. मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. संबोधीपूर्वी तथागत मुद्दाम भीतिदायक अरण्यात जाऊन राहिले. चालताना भय वाटले तर चालतच राहायचे, उभे असताना वाटले तर उभेच राहायचे, भय ओसरल्याशिवाय स्थिती बदलायची नाही, अशी त्यांची साधना होती. आजचे मानसोपचारतज्ज्ञही हेच सांगतात. ज्याची भीती वाटते त्याच्यापासून पळाल्याने क्षणभर हायसे वाटते, पण भीती पक्की होते. थोडे थोडे, पायरीपायरीने सामोरे गेले की ती ओसरते.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. शिकवणारा पोरगा पंचविशीचा, आपल्याच वस्तीतला. मी त्याला पहिल्याच दिवशी सगळे सांगून टाकले. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी खरे सांगितले. तो म्हणाला, “सर, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. तुम्ही चुकलात तर मी आहे.” प्रशिक्षणाच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, हे मला माहीतच नव्हते. 1991 मध्ये माझ्या शेजारी असे कुणी नव्हते. चाळीसगावच्या त्या माणसाशेजारीही नव्हते.

पहिला आठवडा नुसते बंद गाडीत बसणे, श्वास शांत करणे, क्लच दाबणे आणि सोडणे. मग विद्यापीठ परिसरातला पहाटेचा मोकळा रस्ता. मग सकाळची वर्दळ. मग पत्नीला शेजारी बसवून दौलताबादपर्यंत. गाडी दहा वेळा बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, एकदा मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडलो. पत्नी म्हणाली, “रडून झालं की पहिला गिअर टाका.” लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. मी तीस दिवसांनी गेलो नाही, पाच महिन्यांनी गेलो. घाई करून एकदा पाहिले होते.

माझी भीती गेली का? पूर्ण गेली नाही. आणि ती पूर्ण जाऊही नये. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसे मेली. वेग आवरायला लावणारी भीती हवी. लगाम सोडून द्यायला लावणारी भीती नको. या दोन भीतींमधला फरक ओळखणे म्हणजेच गाडी शिकणे.

यात समाजाचा प्रश्न आहे म्हणून हे घरगुती पुराण मांडले. आज आपल्या वस्त्यांतली शेकडो तरुण मुले रिक्षा, टेम्पो, ट्रक आणि मोटारी चालवून घर चालवतात. त्यातली किती मुले रीतसर शिकली? बहुतेक जण क्लीनर म्हणून चढले आणि मालकाला झोप आली तेव्हा ड्रायव्हर झाले. दुसरीकडे आपल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी भगिनी दारात गाडी असून नवऱ्याची किंवा मुलाची वाट पाहत बसतात. जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा बाजूला काढून विहारातर्फे वस्तीतल्या दहा मुलामुलींना वर्षाला मान्यताप्राप्त स्कूलमधून शिकवता येणार नाही का? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती जणांचे लायसन्स निघेल, याचा हिशेब मंडळांनी एकदा करून पाहावा. ‘शिका’ हा आदेश फक्त शाळा-कॉलेजपुरता नव्हता.

2023 च्या हिवाळ्यात आम्ही कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला गेलो. मी चालवत होतो. पत्नी शेजारी होती आणि मागे माझा धाकटा भाऊ होता. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, गाडी न्यूट्रल करायची नाही, चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हे सगळे त्या पोराने घोकून घेतले होते. एका वळणावर समोरून ट्रक आला. तळव्यांना घाम सुटला. मी हात सोडले नाहीत. कडेला थांबलो, त्याला वाट दिली, पुन्हा पहिला गिअर टाकला.

चाळीसगावात नदीकाठी थोडा वेळ उभे राहिलो. त्या अनामिक समाजबांधवाला मनोमन जयभीम केला. त्याने प्रेमापोटी लगाम घेतला होता, त्याला शिकवणारे कुणी नव्हते. आज शिकवणारे आहेत. नाव नोंदवायला आपणच जायचे आहे.

परतताना भावाला विचारले, “भीती नाही ना वाटली?” उत्तर आले नाही. आरशात पाहिले. तो मागच्या सीटवर गाढ झोपला होता.